डब्ल्यूडीएम-२ : वाराणसीच्या आल्कोची चाकरी, २६०० अश्वशक्तीपासून ३३०० पर्यंत

रूळवाट

डिझेल इंजिनांच्या कुठल्याही धाग्यात दहा प्रतिसादांच्या आत डब्ल्यूडीएम-२ (भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज डिझेल इंजिनांचा एक वर्ग) येतंच आणि मूळ विषय बाजूला राहतो. म्हणून या वर्गासाठी हा स्वतंत्र धागा. सुरुवातीचा इतिहास मी मांडतो, पुढचं जाणकारांनी भरावं. फोटो नकोत, तपशील हवेत.

१९५७ साली अमेरिकेतल्या आल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-१ आली. १९५० अश्वशक्तीची, एकूण १००. मालगाड्या ओढायला ती बरी होती, पण वाफेची इंजिनं काढून टाकायची तर जास्त ताकदीचं आणि देशात बांधता येणारं इंजिन हवं होतं. १९६२ मध्ये दोन उमेदवार आले. आल्कोचं डीएल५६०सी, म्हणजे आपली डब्ल्यूडीएम-२, आणि जनरल मोटर्सची डब्ल्यूडीएम-४. दोन्ही २६०० अश्वशक्तीच्या आसपासच्या. डब्ल्यूडीएम-४ची ७२ इंजिनं आली आणि ती वाईट अजिबात नव्हती. १९६९ची पहिली हावडा राजधानी तिनेच ओढली. पण तंत्रज्ञान द्यायला आल्को तयार झाली आणि तिथेच पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लागला.

वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन ३ जानेवारी १९६४ला बाहेर पडलं, क्रमांक १८२३३. सुरुवातीची इंजिनं अमेरिकेहून आलेल्या सुट्या संचांतून जुळवली, मग हळूहळू सगळं इथेच होऊ लागलं. आल्कोने आयात करून दिलेलं पहिलं इंजिन १८०४०. ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

१९६९ मध्ये आल्कोचा स्केनेक्टडीचा कारखाना बंद पडला. वाराणसीत मात्र त्याच आराखड्यावर १९९८ पर्यंत डब्ल्यूडीएम-२ बनत राहिली, अडीच हजारांहून जास्त. क्रमांकांचा क्रम उलटा आहे हे नव्या लोकांनी लक्षात ठेवावं: आधी १८ हजारी, मग १७ हजारी, मग १६ हजारी.

शेडवाला

चांगली सुरुवात. वर्ग समजायचा तर आधी इंजिन समजायला हवं, म्हणून यंत्राचा भाग मी घेतो.

आल्को २५१-बी. ४५ अंशांच्या व्ही आकारात १६ सिलिंडर, चार-स्ट्रोक, टर्बो सुपरचार्जर. बोअर २२८ मिमी, स्ट्रोक २६६ मिमी, म्हणजे मूळ आराखड्यात ९ इंच आणि साडेदहा इंच. आयडलला ४०० फेरे, आठव्या नॉचला (ड्रायव्हरच्या थ्रॉटलचा शेवटचा टप्पा) १००० फेरे. प्रत्येक हेडला चार व्हॉल्व्ह, दोन हवेचे, दोन एक्झॉस्टचे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंधन पंप. हा शेवटचा मुद्दा शेडच्या, म्हणजे इंजिनांच्या देखभाल डेपोच्या, दृष्टीने सर्वात मोठा. एक पंप किंवा एक नॉझल बिघडला तर तेवढाच बदलायचा, बाकीच्या पंधरांना हात लावायची गरज नाही.

फायरिंगचा क्रम १, ४, ७, ६, ८, ५, २, ३, प्रत्येक वेळी आधी उजवा मग डावा. टॅपेट क्लिअरन्स ०.०३४ इंच. चांगला नॉझल ३९०० ते ४०५० पीएसआयला उघडतो. दाब त्याच्या खूप खाली गेला की फवारा नीट फुटत नाही, थेंब पिस्टनच्या डोक्यावर पडतात आणि तिथेच जळून भोक पाडतात.

इंधनाची टाकी ५००० लिटर, संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीत) वंगणतेल ९१० लिटर, पाणी १२१० लिटर. वजन ११२.८ टन, कमाल वेग १२० किमी, गिअर ६५ : १८.

सरळसांधा

स्टार्टिंग ट्रॅक्टिव्ह एफर्ट, म्हणजे सुटतानाची ओढ, सगळीकडे ३०.४ टन दिलेला असतो. ही मोटारींची ताकद का?

घाटचढण

नाही, ती रुळावरच्या पकडीची मर्यादा आहे. ११२.८ गुणिले ०.२७ करा, ३०.४ येतात. सहाही आस चालते असल्याने सगळं वजन पकडीसाठी मिळतं. मोटारी याहून जास्त ओढू शकतात, पण मग चाकं जागच्या जागी फिरतात.

०.२७ हा कोरड्या, स्वच्छ रुळाचा आकडा. पावसात, त्यातही रुळावर पाला कुजला असेल तर ०.१८ धरलेलं बरं, म्हणजे जेमतेम २० टन. १ : ३७च्या चढावर (भोर घाट, आणि कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट) प्रत्येक टनामागे चढाचेच २७ किलो जातात. सुटतानाचा घर्षणाचा विरोध मिळून ३२ किलो धरू. कोरड्या रुळावर इंजिनासकट ९५० टन निघतात, ओल्या रुळावर ६३०. आणि निघणं वेगळं, वर पोचणं वेगळं. तेवढ्या करंटला मोटारी किती वेळ तग धरतील हा स्वतंत्र प्रश्न आहे. ब्रागांझा घाटात पुढे दोन-तीन आणि मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) का लागतात याचं उत्तर या गुणाकारात आहे.

तांबडीमाती

कोकण रेल्वेचा रूलिंग ग्रेडियंट (हिशेबाला धरायचा सर्वात तीव्र चढ) १ : १५० आहे. तिथे एकटी डब्ल्यूडीएम-२ प्रवासी गाडी घेऊन काय वेग धरत असेल?

घाटचढण

हिशेब सोपा आहे. जनरेटरपर्यंत साधारण २४०० अश्वशक्ती पोचते. जनरेटर, मोटार, गिअर मिळून ८२ टक्के कार्यक्षमता धरली तर चाकावर सुमारे २०००. इंजिनासकट गाडी १००० टन धरा. चढाचे टनाला ६.७ किलो आणि धावतानाचा विरोध साडेचार किलो, एकूण ११.२ टन ओढ लागते. २००० अश्वशक्तीत एवढी ओढ द्यायची तर वेग तासाला ५० किमीच्या आत राहतो.

त्याच गाडीला डब्ल्यूडीएम-३ए लावली की चाकावर २४०० मिळतात आणि वेग ५८ पर्यंत जातो. आठ किलोमीटरचा फरक छोटा वाटतो, पण एकेरी मार्गावर समोरची गाडी क्रॉसिंगला थांबलेली असते, त्यामुळे तो दोन्ही गाड्यांना लागू होतो. कोकणात वळणं आणि बोगदे आहेत, त्यांचा विरोध यात धरलेला नाही. तो धरला तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात.

मिरजमेल

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या दुहेरी इंजिनांच्या गाड्यांचं कारणही हेच. तमिळनाडू एक्स्प्रेस, आंध्र प्रदेश एक्स्प्रेस या लांबलचक गाड्यांना दोन डब्ल्यूडीएम-२ जोडून पाठवत. सव्वीसशेच्या एका इंजिनाने वीसेक डबे शंभरच्या वेगात टिकत नाहीत. मल्टिपल युनिटसाठी २७ पिनांची जंपर केबल, पुढच्या कॅबमधून दोन्ही इंजिनांचे नॉच एकदमच बदलतात. मागच्या इंजिनात माणूस नसला तरी चालतं, पण मागचं गरम झालं की पुढे फक्त घंटा आणि दिवा मिळतो. कशामुळे गरम झालं ते मागे जाऊनच पाहावं लागतं.

गिअर६५

ट्रान्झिशनबद्दल, म्हणजे वेगानुसार मोटारींची जोडणी बदलण्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही. प्रवाशाला डब्ल्यूडीएम-२ ओळखू यायची ती त्या धक्क्यामुळे.

सहा ट्रॅक्शन मोटारी आहेत. सुरुवातीला दोन-दोनच्या तीन जोड्या: जोडीतल्या दोघी सिरीजमध्ये, तिन्ही जोड्या एकमेकींना समांतर. सुटताना करंट जास्त लागतो, तो असा मिळतो. वेग वाढला की मोटारीत उलटा विद्युतदाब तयार होतो आणि जनरेटरचा व्होल्टेज पुरेनासा होतो. मग साधारण ३० किमीला फील्ड शंट होते (मोटारीचं चुंबकीय क्षेत्र कमी केलं जातं), ५०च्या आसपास सहाही मोटारी समांतर जोडल्या जातात, आणि ८०च्या पुढे पुन्हा फील्ड शंट. मधल्या बदलात पॉवर क्षणभर तुटते आणि परत येते, तोच तो धक्का.

हे बदल आसाच्या टोकाला बसवलेल्या छोट्या अ‍ॅक्सल जनरेटरच्या इशाऱ्यावर होतात. तो बंद पडला की इंजिन पहिल्याच जोडणीत अडकतं. आवाज पूर्ण, आठवा नॉच, धूरही व्यवस्थित आणि गाडी काही वेग घेत नाही. असं इंजिन टर्बो कमजोर म्हणून शेडला पाठवलं जातं आणि दोष सापडतो तो एका सुटलेल्या वायरमध्ये. लॉगमध्ये कुठल्या वेगानंतर अँपिअर पडले ते लिहिलेलं असेल तर शेडचा दिवस वाचतो.

शेडवाला

+१. आणि टर्बोचं नाव निघालंच आहे तर धुराबद्दल.

नॉच वाढवताना काळा धूर येतो तो बहुतेक वेळा दोष नसतो. रॅक (पंपाचं इंधन कमी-जास्त करणारा दांडा) लगेच पुढे जातो, इंधन वाढतं, टर्बोला मात्र वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ हवा कमी पडते. आठव्या नॉचला स्थिरावल्यावरही धूर काळाच राहिला तर मात्र पाहायचं: एअर फिल्टर चोंदला आहे का, आफ्टरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा) घाण झाला आहे का, बूस्ट प्रेशर पुरेसं येतं का, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची बेलोज (लवचिक सांधा) फाटली आहे का. फाटलेल्या बेलोजमधून गॅस हूडमध्येच सुटतो, टर्बोला कमी मिळतो आणि हूडच्या दारांवर काजळी बसते. दार उघडल्या उघडल्या दिसतं.

निळा धूर म्हणजे वंगणतेल जळतंय. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचं ऑइल सील. सगळ्या सिलिंडरांच्या रिंगा एकाच दिवशी जात नाहीत, तेव्हा अचानक निळा धूर सुरू झाला तर आधी टर्बो तपासावा. आयडलला बराच वेळ उभ्या इंजिनाच्या धुराड्यात तेल साचतं, मग एकदम नॉच दिला की ते पेटतं आणि ज्वाळा दिसतात. फोटोला छान, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला वाईट.

पांढरा धूर गरम इंजिनात आला तर पाणी. हेडला चीर किंवा आफ्टरकूलर गळका. असं इंजिन बंद झालं असेल तर परत सुरू करण्याआधी सिलिंडरांचे कॉम्प्रेशन टेस्ट कॉक उघडून हाताने फिरवून पाहायचं. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असताना क्रँक केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, पाणी दाबलं जात नाही.

टर्बो ठीक आहे का याची सर्वात स्वस्त चाचणी रन-डाउनची. इंजिन आयडलवरून बंद करायचं आणि टर्बोचा आवाज थांबेपर्यंत घड्याळ लावायचं. दीड ते तीन मिनिटं फिरत राहायला हवा. लवकर थांबला तर बेअरिंग घासतंय किंवा काजळी अडकली आहे.

तांबडीमाती

मग ओढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये म्हणतात ते टर्बोसाठीच का?

शेडवाला

टर्बोसाठी आणि हेडसाठी. वंगणतेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की तेल थांबतं आणि तापलेला टर्बो तेलाविना फिरत राहतो. पाण्याचा पंपही थांबतो, हेडमधली उष्णता जागीच राहते. पाच-दहा मिनिटं आयडल द्यावा. उलट बाजूही सांगतो: गरम झालेल्या इंजिनात गार पाणी ओतणं ही सर्वात महागडी चूक. हेडला चिरा जातातच.

नॉचआठ

तेलाच्या तपासणीवर थोडं लिहितो, कारण माझ्या मते हा वर्ग इतकी वर्षं टिकला त्यात प्रयोगशाळेचा वाटा लोक विसरतात.

तेल किती दिवसांनी बदलायचं हे कॅलेंडरवर ठरत नाही. प्रत्येक ट्रिप शेड्युलला (ठरावीक फेऱ्यांनंतरच्या तपासणीला) नमुना घेतात. नमुना इंजिन चालू असताना किंवा नुकतंच थांबलेलं असताना घ्यायचा, गार इंजिनाच्या तळातला घेतला तर सगळा गाळच येतो. साधी ब्लॉटर चाचणी: गाळण कागदावर थेंब, मधला काळा डाग आणि बाहेरचं कडं बघायचं. मधला डाग घट्ट आणि कडं बारीक, तर तेलाची काजळी धरून ठेवायची शक्ती संपली. मग व्हिस्कॉसिटी. ती उतरली तर तेलात डिझेल मिसळतंय. आल्कोत याची नेहमीची जागा म्हणजे हेडजवळच्या उच्च दाबाच्या इंधननळीचं तोंड. तिथला थेंब व्हॉल्व्ह कव्हरच्या आत पडतो आणि बाहेर काहीच न दिसता संपमध्ये जातो. डिझेल मिसळलं की तेल पातळ, दाब कमी, आणि मेन बेअरिंग धोक्यात.

शेवटी स्पेक्ट्रो, म्हणजे तेलातल्या धातूंचं मोजमाप. तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, लोखंड आणि क्रोम वाढलं तर लाइनर-रिंग, अ‍ॅल्युमिनियम वाढलं तर पिस्टन, सिलिकॉन वाढलं तर धूळ, म्हणजे एअर फिल्टर. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात गंजरोधक रसायन घातलेलं असतं, त्यामुळे तेलात सोडियम किंवा बोरॉन दिसलं की पाणी आत शिरतंय, मग ते डोळ्यांना दिसो वा न दिसो. एका नमुन्याच्या आकड्यापेक्षा मागच्या चार नमुन्यांची चढण महत्त्वाची. ८ पीपीएमचं १२ झालं तर काळजी नाही. तेच १२, १५, २२ असं चढत गेलं तर पुढच्या फेरीआधी क्रँककेसची दारं उघडायची.

रूळवाट

नॉचआठ, उत्तम. हे मुद्दे कुठे एकत्र सापडत नाहीत. आता कुणी तरी उपवर्ग सोडवा. २ए, २बी, २सी, ३ए, ३सी, ३डी यांचा गोंधळ फार आहे.

मिरजमेल

मूळ डब्ल्यूडीएम-२ व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या ओढायची. इंजिनाचे स्वतःचे ब्रेक हवेचे, गाडीचे व्हॅक्यूमचे. त्यासाठी एक्स्प्रेसर: एकाच यंत्रात कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्टर, क्रँकशाफ्टवरच चालणारा. डबे आणि वाघिणी एअर ब्रेकवर जाऊ लागल्यावर इंजिनांना दोन्ही पद्धती चालवता याव्यात अशी दुरुस्ती केली, ती २ए. कारखान्यातूनच एअर ब्रेक घेऊन आलेली २बी. दोन्हीत ताकद तीच २६००.

१७ हजारी मालिकेत काही इंजिनांचा छोटा हूड पूर्ण रुंदीचा आणि मोठ्या खिडक्यांचा होता. त्यांना जंबो म्हणतात. हा वेगळा वर्ग नव्हे, फक्त वेगळा चेहरा.

१९९४ मध्ये ३१०० अश्वशक्तीची २सी आली. तिलाच पुढे डब्ल्यूडीएम-३ए नाव मिळालं. नव्या नामपद्धतीत ३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे आणखी शंभर. तसंच ३सी आणि ३डी दोन्ही ३३०० च्या घरातल्या. पतियाळाच्या कारखान्यात जुन्या डब्ल्यूडीएम-२ उघडून ३ए करत, अशा इंजिनाच्या क्रमांकामागे आर असतो. त्यामुळे १८ हजारी क्रमांक आणि ३ए हा वर्ग एकाच इंजिनावर दिसला तर चकित होऊ नये.

गिअर६५

एक भर: ३एमध्ये डीसी जनरेटर गेला आणि अल्टरनेटर-रेक्टिफायर आला. माझ्या मते अश्वशक्तीपेक्षा हा बदल मोठा. डीसी जनरेटरच्या कॉम्युटेटरवर फ्लॅशओव्हर व्हायचा, ब्रश झिजायचे, कार्बनची धूळ सगळीकडे बसायची. अल्टरनेटरने ती सगळी डोकेदुखी संपवली.

तोटा एकच. डब्ल्यूडीएम-२ सुरू करताना बॅटरीचा करंट मेन जनरेटरलाच देत, तोच मोटार होऊन इंजिन फिरवायचा. अल्टरनेटर ते करू शकत नाही. त्यामुळे क्रँकिंगचं काम एक्सायटर आणि ऑक्झिलरी जनरेटरवर टाकावं लागलं.

सरळसांधा

२६०० चं ३१०० कसं झालं? सिलिंडर तेच, बोअर-स्ट्रोक तोच, फेरेही १००० च.

शेडवाला

हवा वाढवली, मग इंधन वाढवलं, मग जे तुटेल ते बळकट केलं. क्रम हाच.

जुना ७२० टर्बो काढून जास्त कार्यक्षम टर्बो आले, एबीबी, नेपिअर आणि जीईचे. आफ्टरकूलर मोठा केला, म्हणजे दाबलेली हवा गार होऊन जास्त मावते. इंधन पंपाचा प्लंजर १५ मिमीचा १७ मिमी केला. त्यामुळे तेवढंच इंधन कमी वेळात आत जातं आणि नीट जळतं. कॅमशाफ्ट जाड केला, कारण मोठ्या प्लंजरचा भार जुन्या कॅमला पेलत नव्हता आणि तो पिळला की इंजेक्शनचं टायमिंग हलायचं. व्हॉल्व्ह ओव्हरलॅप १४० अंशांपर्यंत नेला, एक्झॉस्ट पूर्ण धुऊन निघतो आणि व्हॉल्व्ह गार राहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनांना स्टीलची टोपी बसली.

लखनौच्या आरडीएसओच्या (रेल्वेची संशोधन संस्था) इंजिन प्रयोगशाळेत हे एकेक करून तपासलं गेलं, आणि फक्त ताकदीसाठी नव्हे. हाच संच २६०० वरच ठेवून बसवला तर डिझेल वाचतं. बऱ्याच जुन्या डब्ल्यूडीएम-२ना तो असाच बसवला होता. म्हणून धूर कमी दिसला म्हणजे ३एच, असं म्हणता येत नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. संचातले दोनच भाग बसवून उरलेले जुने ठेवले की नुकसानच होतं. १७ मिमीचा पंप आणि जुना कॅमशाफ्ट ही जोडी सर्वात वाईट, कॅमच्या लोबवर खड्डे पडतात.

तांबडीमाती

महाराष्ट्रातल्या शेडांबद्दल?

मिरजमेल

मध्य रेल्वेवर पुणे आणि कल्याण ही दोन मुख्य. पुण्याचं शेड घोरपडीला. मुंबई-पुणे मार्ग १५०० व्होल्ट डीसीवर होता आणि वीज पुण्याला संपायची, त्यामुळे मिरज-कोल्हापूरकडच्या गाड्यांचं इंजिन पुण्यात बदलायचं आणि पुढे डिझेल. महालक्ष्मी एक्स्प्रेस हे याचं नेहमीचं उदाहरण.

कल्याणच्या इंजिनांनी कोकण रेल्वे गाजवली. २६ जानेवारी १९९८ला मार्ग पूर्ण सुरू झाला आणि विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं जून २०२२ मध्ये. मधली चोवीस वर्षं मुख्यतः डिझेलची. आल्कोने दिलेल्या पहिल्या काही इंजिनांपैकी १८०४१ कल्याणलाच होतं आणि दिवा-वसई मार्गावर हलक्या कामाला असायचं.

मोठी दुरुस्ती, म्हणजे पीओएच, परळ कार्यशाळेत. इंजिन पूर्ण उघडून, बोगी (चाकं, आस आणि मोटारींचा सांगाडा) बाहेर काढून.

घाटचढण

कोकणाच्या पावसाळ्यातला ठरलेला त्रास: ग्राउंड रिले. ट्रॅक्शन मोटारीत किंवा केबलमध्ये ओल शिरली की विजेचा काही भाग सांगाड्यात उतरतो, रिले पडतो, पॉवर जाते. रिले पुन्हा पुन्हा सेट करून आठवा नॉच देणं म्हणजे मोटार जाळणं. बरोबर पद्धत अशी: एकदा सेट करून कमी नॉचला पाहायचं. पुन्हा पडला तर मोटार कट-आउट स्विचने एकेक मोटार तोडून दोषी कोणती ते शोधायचं आणि उरलेल्यांवर गाडी पुढच्या स्थानकापर्यंत न्यायची. ओढ कमी झाली आहे हे कंट्रोलला आधीच सांगायचं, चढावर अडकल्यावर नव्हे.

दुसरं, सस्पेन्शन बेअरिंग. जुन्या मोटारी आसावर साध्या बुश बेअरिंगने टेकायच्या, वातीने तेल खेचून. तेलात पाणी गेलं की बेअरिंग तापायचं. रोलर बेअरिंग आल्यावर हा प्रकार जवळजवळ थांबला.

सरळसांधा

घाट उतरताना डायनॅमिक ब्रेक पुरतो का?

घाटचढण

वेग धरून ठेवायला पुरतो, थांबायला नाही. मोटारींचे जनरेटर होतात, तयार झालेली वीज छतावरच्या ग्रिडमध्ये उष्णता होऊन जाते, ग्रिड गार करणारा ब्लोअर त्याच करंटवर फिरतो. वेग खूप कमी झाला की करंटच उरत नाही, मग ए-९ हँडलने गाडीचे ब्रेक लागतात. डायनॅमिक चालू असताना एसए-९ हँडलने इंजिनाचे ब्रेक वर चढवायचे नाहीत. दोन्ही मिळून चाकं घसरतात आणि चाकाला सपाट डाग पडतो.

वाफेनंतर

डब्ल्यूडीएम-२ सुरू होत नसेल तर कुठून सुरुवात करायची, थोडक्यात कुणी लिहील का?

शेडवाला

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा.

इंजिन फिरतच नाही: बॅटरी. ८ व्होल्टच्या आठ, एकूण ६४. बटण दाबल्यावर दिवे अगदी मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. दिवे तसेच राहिले तर क्रँकिंगचे कॉन्टॅक्टर उचलत नाहीत.

इंजिन फिरतं पण पेटत नाही: आधी इंधनाचा दाब बघा, बूस्टर पंप चालू आहे का, लाइनमध्ये हवा आहे का. दाब आहे तर ओव्हरस्पीड ट्रिप सेट आहे का बघा. तो सुटलेला असेल तर रॅक पुढे येत नाही आणि कितीही फिरवा, उपयोग नाही. वुडवर्ड गव्हर्नर (इंजिनाचे फेरे सांभाळणारं यंत्र) असेल तर त्याच्या अंगावरचं लो ल्यूब बटण बाहेर आलं आहे का बघा. बाहेर असेल तर आत दाबण्याआधी ते बाहेर का आलं याचा विचार करा. तेलाची पातळी, पाण्याची पातळी, क्रँककेसची दारं तपासा. तेलाचा दाब खरंच गेला असेल आणि बटण दाबून इंजिन चालू केलं, तर क्रँकशाफ्टच बदलावा लागतो.

क्रँकिंग सलग लांबवायचं नाही. दोनदा-तीनदा जमलं नाही तर थांबून कारण शोधा, बॅटरी संपली की दुसरं इंजिन मागवण्याशिवाय मार्ग उरत नाही.

नॉचआठ

बॅटरीच्या याच भीतीपोटी इंजिनं तासन्‌तास आयडलला उभी असायची. डब्ल्यूडीएम-२ आयडलला तासाला २५ लिटरच्या आसपास डिझेल पिते. नंतरच्या इंजिनांत छोटं सहायक इंजिन बसवलं, ते ब्रेकचा दाब आणि बॅटरी सांभाळतं आणि तासाला तीनेक लिटरवर भागतं. हा बदल वीस वर्षं आधी व्हायला हवा होता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

वाफेनंतर

आणि आता या इंजिनांचं काय होतं?

मिरजमेल

डिझेल इंजिनाचं ठरलेलं आयुष्य ३६ वर्षं. १९९८ चं शेवटचं इंजिनही त्या हिशेबाने कडेला आलं आहे, आणि विद्युतीकरणामुळे बरीच त्याआधीच निघाली. आधी मेल-एक्स्प्रेस गेल्या, मग मालगाड्या, शेवटी शंटिंग आणि अपघात मदत गाड्या. पतियाळाला डब्ल्यूडीएम-२च्या सांगाड्यावर ८०० अश्वशक्तीची तीन छोटी इंजिनं बसवून २जी करून पाहिली, म्हणजे गरजेपुरतीच चालू ठेवायची. वाराणसीत आल्को मालगाडी इंजिनांच्या, म्हणजे डब्ल्यूडीजी-३एच्या, जोडीचं १०,००० अश्वशक्तीचं विजेचं इंजिन केलं, २०१९ मध्ये. दोन्ही प्रयोग मोठ्या संख्येने पुढे गेले नाहीत.

सुट्या भागांची अडचण मात्र अजून तरी नाही. डब्ल्यूडीएम-३डी, डब्ल्यूडीजी-३ए, शंटिंगची डब्ल्यूडीएस-६ ही सगळी २५१ घराण्यातली आणि हेड, लाइनर, पिस्टन, नॉझल बरेचसे सामाईक. डब्ल्यूडीएस-६ला सहाच सिलिंडर, एका ओळीत, पण हेड उघडलं की तेच चार व्हॉल्व्ह. श्रीलंकेच्या एम८ वर्गातही वाराणसीचंच १६ सिलिंडरचं २५१ आहे.

रूळवाट

डब्ल्यूडीजी-३एची हाय अ‍ॅडहीजन बोगी आणि डब्ल्यूडीएम-२ची ट्रायमाउंट बोगी यांची तुलना इथे सुरू केली तर धागा भरकटेल, तिच्यासाठी नवा धागा काढतो. घाटचढण, १ : ३७चा तुमचा हिशेब तिथे पुन्हा लागेल. चढावर पुढच्या आसाचं वजन किती कमी होतं तो आकडाही जोडाल का?

घाटचढण

जोडतो. ट्रायमाउंटमध्ये तिन्ही मोटारींची तोंडं एका दिशेला नाहीत आणि आसांमधली अंतरंही असमान, त्यामुळे ओढताना प्रत्येक आसावर वेगळं वजन येतं. नव्या बोगीत तिन्ही मोटारी एकाच दिशेला केल्या त्या यासाठीच. आकडेमोड आसाआसाची द्यावी लागेल, एका ओळीत होणार नाही.